सरखेल कान्होजी आंग्रे आणि समुद्राचं घड्याळ



आपल्या कुपवाड-सांगली-मिरजेकडच्या मुलांनी पाणी पाहिलंय ते कृष्णेचं. 2019 चा पूर आजही त्यांच्या बोलण्यात असतो. पण पुराचं पाणी चढतं, मग दिवसेंदिवस तिथंच राहतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. कोकणात सहल गेली की आपली मुलं ओहोटीची रिकामी वाळू बघतात आणि त्यांना वाटतं, हे मैदानच आहे. म्हणून समुद्र हा पाठ शिकवताना मी कान्होजी आंग्रे यांचं चरित्र सांगते. पाठ्यपुस्तकात ते दोन-चार ओळींत संपतात. तुम्ही जरा सविस्तर सांगून बघा.

कान्होजींचा जन्म साधारण 1669 चा. आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ, पुण्याकडच्या अंगरवाडी गावावरून आंग्रे झालं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचं लहानपण हर्णैच्या परिसरात गेलं. हर्णैच्या किनाऱ्यासमोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. किनारा आणि किल्ला यांच्यामध्ये समुद्राचा अरुंद पट्टा. जवळ दिसतो, पण होडीशिवाय जाता येत नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला पाण्याची ओढ कोणत्या वेळी कुठं असते हे वेगळं शिकवावं लागत नसणार.

सुवर्णदुर्गाची एक हकिकत परंपरेनं सांगितली जाते. जंजिऱ्याच्या सिद्दीनं किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फितूर होऊन किल्ला द्यायला निघाला. तरुण कान्होजींनी सोबत्यांना घेऊन त्यालाच कैद केलं आणि किल्ला लढवला. लढताना ते शत्रूच्या हाती सापडले, पण निसटून पोहत परत किल्ल्यात आले, असंही सांगतात. मुलांना हा भाग फार आवडतो. इथं मी एक गोष्ट मुद्दाम सांगते, की पोहता येणारे खूप असतात, पण त्या पाण्यात कधी पोहायचं हे माहीत असणारे थोडे.

पुढं औरंगजेबाच्या आक्रमणाच्या धामधुमीत राजाराम महाराजांच्या काळात कान्होजी आरमारात वर चढले आणि सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले. त्यांनी मुख्य ठाणं केलं अलिबागचा कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये याचं काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. हा किल्ला नीट समजून घ्या, कारण आपल्या सहली इथंच जातात. ओहोटीला किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, घोडागाडीही जाते. भरतीला तोच किल्ला बेट होतो. बाहेरच्या तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय रचलेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं, जोर मोडतो आणि तट टिकतो. आत गोड्या पाण्याची सोय आहे.

आता शत्रूच्या बाजूनं विचार करा. पायदळ आणायचं तर ओहोटीचे मोजके तास हातात. तेवढ्यात शिड्या, तोफा सगळं ओल्या वाळूतून आणि खडकांतून ओढायचं. पाणी परत आलं की मागची वाट बंद. जहाजं आणायची तर इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना खोल पाणी लागतं, इथं खाली खडक. उलट कान्होजींची गलबतं उथळ तळाची, वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला तरी हलायची आणि खाडीत आत शिरायची.

साताऱ्याशी, म्हणजे आपल्या भागाशी त्यांचा संबंध 1713 च्या सुमाराला येतो. शाहू महाराज साताऱ्यात, तर कान्होजी ताराराणींच्या बाजूला होते. शाहूंनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केलं. शेवटी बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंकडे वळवलं. किल्ले आणि सरखेलपद कान्होजींकडेच राहिलं. लढून जे झालं नाही ते बोलून झालं, पण तो वेगळा पाठ आहे.

कान्होजींचा परवाना, म्हणजे दस्तक घेतल्याशिवाय या किनाऱ्यावर व्यापारी जहाजं चालवू द्यायची नाहीत असा त्यांचा दंडक होता. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. माझं स्पष्ट मत आहे की वर्गात हा शब्द तसाच वापरू नये. ते मराठी राज्याचे नेमलेले आरमारप्रमुख होते आणि आपल्या पाण्यात जकात घेत होते.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं त्यांना मोडायचा चंग बांधला. विजयदुर्गावर हल्ला झाला, तो फसला. 1718 मध्ये खांदेरीवर झाला, तोही फसला. 1721 च्या अखेरीला इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले. इंग्लंडच्या राजाची चार जहाजं घेऊन मॅथ्यूज नावाचा अधिकारी आला होता. तरीही किल्ला पडला नाही. साताऱ्याहून मदत आली, बाजीराव पेशवे फौज घेऊन पोहोचले, पोर्तुगिजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतलं. दोन मित्रांचा एकमेकांवर विश्वास नव्हता हे मोठं कारण. पण किनारा आपल्या वेळेवर हलवता येत नाही, हेही होतंच.

आता गणिताकडे या. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला. ओहोटी, कोळी लोक जिला सुकती म्हणतात, त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर, म्हणजे नऊच्या सुमाराला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यावरून हे जमतं. पाचवीच्या मुलांना अपूर्णांकांचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. मात्र हा अंदाज आहे. सहलीसाठी त्या दिवसाचा छापील भरतीचा तक्ताच बघायचा.

आणखी दोन बारकावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते फार चढत नाही आणि फार हटतही नाही. म्हणून अष्टमीला दुपारी बाराला किल्ल्याची वाट कोरडी मिळेलच असं नाही. दुसरं, पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं चढून जातं. किल्ला बघत बसलेल्या माणसाला वाटतं अजून वेळ आहे, आणि तेवढ्यात गुडघाभर होतं. शिवाय मागे फिरणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं. ओढीत सापडलेल्यानं सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर सरकत बाहेर पडावं. पण मुलांच्या बाबतीत हे शिकवण्यापेक्षा त्यांना घोट्याच्या वर पाण्यात न सोडणं बरं.

1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. अलिबागपासून मुरुड काही फार लांब नाही. पालकहो, सहलीच्या संमतीपत्रावर सही करताना किती पैसे हे आपण विचारतो. त्या दिवशी भरती किती वाजता आहे हेही विचारा. शिक्षकांना राग यायचं कारण नाही.

कान्होजींचं निधन 4 जुलै 1729 ला झालं. ऐन पावसाळा, गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचे दिवस. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. त्यांच्यानंतर मुलांमध्ये वाद झाले, आरमार विभागलं गेलं. भारतीय नौदलाच्या मुंबईतल्या तळाला आज त्यांचं नाव आहे. सहलीत समाधी आधी दाखवा की किल्ला आधी, हे तुम्ही ठरवू नका, तक्ता ठरवेल. ओहोटी सकाळी असेल तर आधी किल्ला, पाणी वळायच्या तासभर आधी सगळी मुलं मोजून किनाऱ्यावर, आणि मग समाधी.