मळीतून इंधनाकडे : वसंतदादांचा वारसा

वसई-विरारच्या पंपांवर आज वाहनांत भरल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. त्याचा एक महत्त्वाचा स्रोत म्हणजे उसाची मळी. साखर काढून घेतल्यावर उरणारा हा काळा, चिकट द्रव एकेकाळी कारखान्यांची डोकेदुखी होता. मिळेल त्या भावाने तो विकायचा किंवा खड्ड्यांत साठवायचा, एवढेच मार्ग होते. या टाकाऊ मळीला मोल मिळवून देण्यात महाराष्ट्रातील सहकाराचा वाटा मोठा आहे आणि त्या सहकाराच्या अग्रणींत वसंतराव बंडूजी पाटील, अर्थात वसंतदादा यांचे नाव आदराने घेतले जाते.

१३ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेले दादा सांगलीजवळच्या पद्माळे गावचे. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. आजीने त्यांना वाढवले. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले. पुढे पकडले गेले, पण २४ जुलै १९४३ रोजी सहकाऱ्यांसह त्यांनी सांगलीचा तुरुंग फोडला. त्या धुमश्चक्रीत त्यांच्या खांद्याला गोळी लागली.

स्वातंत्र्यानंतर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक, हा विचार दादांनी सांगलीत रुजवला. पन्नाशीच्या दशकात उभा राहिलेला तेथील शेतकरी सहकारी साखर कारखाना पुढे आशियातील मोठ्या कारखान्यांत गणला गेला. १९६७ मध्ये दादांना पद्मभूषण मिळाले आणि १९७७ मध्ये ते प्रथम मुख्यमंत्री झाले.

साखरेचे भाव पडले की शेतकरी भरडला जातो. कारखाना टिकवायचा तर उपपदार्थांतूनही उत्पन्न हवे आणि त्यासाठी शास्त्राची जोड हवी. याच गरजेतून सहकारी कारखान्यांनी १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन केली. १ मार्च १९८९ रोजी दादांचे निधन झाल्यावर या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. ऊस आणि साखरेबरोबरच मद्यार्क तंत्रज्ञानातही संशोधन व प्रशिक्षण देणारी ही संस्था दादांचे खरे स्मारक ठरली.

एक टन उसातून साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. पाणी घालून ती पातळ केली जाते आणि तिच्यात यीस्ट हे सूक्ष्मजीव सोडले जातात. मळीतील साखर खाऊन ते मद्यार्क आणि कर्बवायू तयार करतात. दीड-दोन दिवसांत आंबवण पूर्ण होते. ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वेगळा काढून उरलेले पाणी काढले की इंधनयोग्य इथेनॉल हाती येते. एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरांच्या आसपास उत्पादन मिळते.

पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ मध्ये देशात ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यांत मनमाडबरोबर मिरजही होते. सांगलीला खेटून असलेल्या या गावाला तो मान मिळावा, हा सुखद योगायोग. २००३ मध्ये नऊ राज्यांत ही योजना लागू झाली.

मात्र या यशाला दुसरी बाजूही आहे. एक लिटर मद्यार्कामागे आठ-दहा लिटर सांडपाणी निघते. प्रक्रिया न करता ते सोडल्यास नद्या-विहिरी नासतात. मळी हा टाकाऊ पदार्थ आहे, उसाचा रस नव्हे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने रसापासून इथेनॉल बनवण्यावर केंद्राला निर्बंध आणावे लागले, ते याच फरकामुळे. दादांनी उभारलेला सांगलीचा कारखानाही कर्जात रुतला आणि २०१७ मध्ये भाडेतत्त्वावर खासगी कंपनीकडे गेला. इथेनॉलचा पैसा ऊस उत्पादकाच्या हाती किती पोहोचतो, यावरच दादांच्या वारशाचे मोजमाप व्हायला हवे.