वसतिगृहातून काढलेला मुलगा

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटले की डोळ्यांसमोर येते ती पांढरी दाढी, खादी आणि अनवाणी पाय. पण हे भाऊराव एकेकाळी तुमच्या-आमच्यासारखे होस्टेलवर राहणारे आणि चक्क गणितात गटांगळ्या खाणारे पोर होते, हे किती जणांना माहीत आहे?

जन्म २२ सप्टेंबर १८८७, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. (आपली कुंभारी नव्हे, नावात थोडे साम्य आहे एवढेच!) हे त्यांचे आजोळ. मूळ गाव सांगलीकडचे ऐतवडे बुद्रुक. घराणे जैन, वडील पायगोंडा सरकारी नोकरीत. पोरगा लहानपणापासून दांडगा. दलितांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत म्हणून त्याने रहाटच मोडून टाकला, असे सांगतात.

शिकायला कोल्हापूरला राजाराम हायस्कूल, राहायला जैन बोर्डिंग. तिथले अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे शिस्तीचे कडक. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाचा समारंभ झाला आणि भाऊराव तिकडे जाऊन आले. परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, असा हुकूम निघाला. भाऊराव आंघोळ करीनात. विटाळ झालाच नाही तर आंघोळ कशाची? शेवटी बोर्डिंगातून नाव कमी झाले. एका आंघोळीपायी राहण्या-जेवणाची सोय गेली! पुढे काही काळ शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले.

अभ्यासाचे मात्र काही खरे नव्हते. महाराजांनी याला वर घाला म्हणून शब्द टाकला, तर गणिताच्या मास्तरांनी सांगितले की तो बसतो तो बाक पास करीन, पण त्याला नाही. एवढा मोठा राजा, पण मास्तर बधले नाहीत. आपल्याकडच्या एम-थ्रीवाल्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. भाऊराव मॅट्रिक न होताच बाहेर पडले. गंमत म्हणजे हाच गडी पुढे साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागला आणि पाटील मास्तर म्हणून नावारूपाला आला.

खरी परीक्षा पुढेच होती. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे, म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्याने आपल्याला बोर्डिंगातून हाकलले त्याच्यावर सूड उगवायची आयती संधी! भाऊरावांनी साफ नकार दिला, तुरुंग पत्करला. तिथल्या छळाला कंटाळून जीव द्यायचाही प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही.

सुटल्यावर ओगले काच कारखाना आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरले. खेड्यातली पोरे शाळेविना कशी राहतात ते या फिरतीत जवळून दिसले. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग निघाले, सगळ्या जातींची मुले एका पंगतीत. स्वयंपाक, झाडलोट पोरांनीच करायची. आपण मेसच्या भाजीवरून भांडतो. तिथे धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले.