लुई पाश्चर

फ्रान्स देशात आर्ब्वा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे कातडी कमावण्याचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला. त्याचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल या गावी झाला होता. लुई आठ वर्षांचा असताना आर्ब्वाच्या परिसरात एक पिसाळलेला लांडगा शिरला व त्याने अनेकांना चावे घेतले. त्या काळी अशा जखमेवर एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे तापवून लाल केलेल्या लोखंडाचा डाग. लोहाराच्या भट्टीवर डागण्या घेणाऱ्यांच्या किंकाळ्या लुईच्या कानी पडल्या. एवढ्या यातना सोसूनही कित्येक जण पुढे जलसंत्रासाने मरण पावले.

पुढे पाश्चर मोठे रसायनशास्त्रज्ञ झाले. अर्धांगवायूने त्यांचे डावे अंग दुबळे झाले, तरी प्रयोगशाळा सुटली नाही. १८८० च्या सुमारास त्यांनी या रोगाचा शोध हाती घेतला. रोगाचे बीज इतके सूक्ष्म होते की, त्या वेळच्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसेना. तेव्हा ते सशांच्या शरीरात वाढवावे लागले. रोगाने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू बाटलीत कोरड्या हवेत टांगला की, त्यातील विष दिवसेंदिवस सौम्य होई व चौदा दिवसांत निरुपद्रवी ठरे. असे अतिसौम्य विष प्रथम व क्रमाने अधिक तीव्र विष टोचलेल्या कुत्र्यांना हा रोग होईनासा झाला.

मग देशातील सर्वच कुत्र्यांना लस का टोचू नये? पाश्चर यांनी हिशेब मांडून पाहिला. एकट्या पॅरिसमध्ये १ लाखाहून अधिक कुत्री होती आणि बाकीच्या फ्रान्समध्ये २५ लाखांहून अधिक! प्रत्येकाला अनेक वेळा टोचायचे, तर इतके ससे आणायचे कोठून? तो विचार त्यांना सोडावा लागला. मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानी होती. चाव्यातून शिरलेले विष मेंदूपर्यंत पोहोचण्यास बहुधा कित्येक आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत लस आपले काम करू शकेल, अशी त्यांना आशा होती.

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याचे नाव जोसेफ माइस्टर. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावे घेतले होते. लस माणसाला बाधली तर? आणि न टोचावी, तर मृत्यू जवळजवळ निश्चित! पाश्चर स्वतः वैद्य नव्हते. त्यांनी दोन नामांकित डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि त्यांपैकी डॉ. ग्रांशे यांनी त्याच संध्याकाळी पहिली लस टोचली. दहा दिवसांत तेरा वेळा लस टोचण्यात आली. जोसेफ प्रयोगशाळेतील सशांशी आनंदाने खेळे. पाश्चर यांना मात्र रात्री झोप येत नसे. मुलगा वाचला.

प्रत्येक वेळी असे यश आले नाही. त्याच वर्षी एका दहा वर्षांच्या मुलीला चाव्यानंतर तब्बल ३७ दिवसांनी आणले गेले. फार उशीर झाला आहे, हे जाणूनही पाश्चर यांनी तिला परत पाठविले नाही. ती दगावली तेव्हा त्यांना अश्रू आवरेनात.

लोकांच्या वर्गणीतून पॅरिसमध्ये १८८८ साली पाश्चर संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. त्यांची समाधी त्या संस्थेतच आहे. जोसेफ माइस्टर मोठेपणी तेथेच पहारेकरी झाला.

कुत्र्यांना लस टोचण्याचे काम मात्र पुढील पिढ्यांसाठी राहिले. आता सशांची गरज उरली नाही, आणि एका टोचणीने कुत्र्याला निदान वर्षभर संरक्षण मिळते. शहरातील दहांपैकी सात कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, तर रोगाचा प्रसार खुंटतो. नुसती कुत्री मारून तसे होत नाही, कारण मोकळ्या झालेल्या जागी नवी कुत्री येतात. आपल्या शेजारच्या गोव्यात लसीकरणाची पथके हाती जाळी घेऊन गल्लोगल्ली हिंडली. टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर ती रंगाची खूण करीत व त्याला पुन्हा त्याच गल्लीत सोडून देत. काही वर्षांतच तेथील पिसाळलेल्या कुत्र्यांची संख्या झपाट्याने घटली.