विश्लेषण : एका सेनापतीच्या सहीवर नऊ महिने तगलेले शहर... खार्टूमच्या वेढ्यातील ‘गॉर्डन नोटा’ संग्राहकांना का हव्या असतात?

युद्धकाळातील नोटा गोळा करणाऱ्यांच्या अल्बममध्ये जपानने ताब्यातील ब्रह्मदेशासाठी छापलेले रुपये हमखास सापडतात. ते ढिगाने छापले गेले, म्हणून आजही स्वस्तात मिळतात. सुदानमधील खार्टूम शहराच्या १८८४ सालच्या नोटांची गोष्ट निराळी. त्यांच्यामागे ना बँक होती, ना सोने, ना टांकसाळ. होती ती फक्त एका माणसाची सही. जनरल चार्ल्स जॉर्ज गॉर्डन हा तो माणूस. आयुष्यभर पैशाला तुच्छ मानणाऱ्या या सेनापतीवर शेवटी स्वतःच्या नावाने पैसा काढण्याची वेळ कशी आली आणि त्या पैशाचे पुढे काय झाले, याविषयी...

गॉर्डन कोण होता?

२८ जानेवारी १८३३ रोजी लंडनजवळच्या वूलिच येथे लष्करी घराण्यात गॉर्डनचा जन्म झाला. १८५२ मध्ये तो ब्रिटिश लष्कराच्या ‘रॉयल इंजिनीअर्स’ या अभियंता दलात दाखल झाला. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात त्याने खंदकांत काम केले. शहराला वेढा घालणे म्हणजे काय, हे त्याने आधी बाहेरच्या बाजूने पाहिले होते.

नाव झाले ते चीनमध्ये. ताइपिंग बंड मोडण्यासाठी चिनी सरकारच्या वतीने लढणाऱ्या ‘सदाविजयी सेना’ नावाच्या भाडोत्री फौजेची सूत्रे १८६३ मध्ये तिशीतल्या गॉर्डनकडे आली. हातात बंदुकीऐवजी वेताची छडी घेऊन तो आघाडीवर फिरे, अशी त्याची ख्याती. या फौजेची खरी दुखणी मात्र लढाईतली नव्हती, पगाराची होती. पगार थकला की शिपाई बंड करत आणि शहर पडले की लूट करत. लूट बंद करायची तर पगार वेळेवर द्यावा लागतो, हा धडा तो तिथे शिकला. सुचाऊ शहर शरण आल्यावर अभय दिलेल्या बंडखोर सरदारांची चिनी अधिकाऱ्यांनी कत्तल केली, तेव्हा तो खवळला आणि बादशहाने देऊ केलेले बक्षीस त्याने परत पाठवले. शब्द दिला होता तो मोडला, हे त्याचे भांडण होते. मायदेशी तो ‘चायनीज गॉर्डन’ म्हणून परतला.

मुंबईत नेमके काय घडले?

१८७४ मध्ये इजिप्तचा खेदिव इस्माईल याने गॉर्डनला नाईलच्या वरच्या खोऱ्यातील प्रांताचा गव्हर्नर नेमले. वर्षाला १० हजार पौंड देऊ केले असता त्याने दोन हजारच घेतले. १८७७ ते १८७९ या काळात तो साऱ्या सुदानचा गव्हर्नर जनरल होता. उंटावरून प्रचंड अंतरे कापत त्याने गुलामांच्या व्यापाऱ्यांचा पाठलाग केला. तो व्यापार काही त्याला संपवता आला नाही.

मग १८८० मध्ये भारताचे नवे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा खासगी सचिव म्हणून तो मुंबईत उतरला आणि उतरल्यावर काही दिवसांतच राजीनामा देऊन मोकळा झाला. यामागची हकीकत त्याचे चरित्रकार आवर्जून सांगतात. रिपन यांना दिलेले एक मानपत्र त्यांनी आस्थेने वाचले, असे उत्तर गॉर्डनने लिहायचे होते. रिपन यांनी ते वाचलेले नाही, हे त्याला ठाऊक होते. असल्या नित्याच्या सरकारी खोटेपणाखाली सही करणे त्याच्याने होईना. कारणे आणखीही असतील. दरबारी नोकरी हा त्याचा पिंड नव्हताच. पण चारच वर्षांनी ज्या हजारो कागदांवर त्याने सही केली त्यांच्याकडे पाहताना मुंबईतला हा प्रसंग विसरता येत नाही.

रिकाम्या खिशाने खार्टूमला?

सुदानमध्ये दरम्यान मुहम्मद अहमद या धर्मपुरुषाने स्वतःला महदी म्हणून जाहीर केले होते. इजिप्शियन करवसुलीने पिळून निघालेले लोक त्याच्यामागे गेले. नोव्हेंबर १८८३ मध्ये हिक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालील हजारोंचे इजिप्शियन सैन्य महदीने जवळजवळ संपूर्ण कापून काढले. इजिप्त तेव्हा ब्रिटिशांच्या मुठीत होता. पण पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना सुदानमध्ये गुंतायचे नव्हते. तिथल्या फौजा आणि नागरिक सुखरूप बाहेर काढावेत, इतकेच त्यांना हवे होते. वर्तमानपत्रांनी गॉर्डनच्या नावाचा घोशा लावला आणि १८ जानेवारी १८८४ च्या संध्याकाळी तो लंडनच्या चेरिंग क्रॉस स्थानकावरून निघाला. खिशात पैसेच नाहीत, हे निरोप द्यायला आलेल्या जनरल वूल्झली यांच्या लक्षात आले. त्यांनी स्वतःजवळची रोकड आणि घड्याळ त्याला दिले, अशी आठवण सांगितली जाते.

काम नेमके काय, याबद्दलचा घोळ मात्र प्रवासातच वाढला. लंडनहून निघताना त्याने परिस्थितीचा अहवाल द्यायचा होता. कैरोत पोहोचेपर्यंत तो पुन्हा गव्हर्नर जनरल झाला. (कैरोतील ब्रिटिश प्रतिनिधी एव्हलिन बेअरिंग हे त्याआधी रिपन यांच्याच काळात भारताचे अर्थखाते सांभाळत होते. पुढचे लॉर्ड क्रोमर ते हेच.) १८ फेब्रुवारीला गॉर्डन खार्टूमला पोहोचला. पोहोचताच त्याने सरकारी वाड्यासमोर थकीत कराच्या वह्या आणि फटक्यांचे चाबूक जाळले. लोकांनी जल्लोष केला. ज्याने लोकांची सरकारकडील देणी जाळली, त्याच्यावर दोन महिन्यांत लोकांकडूनच उधार घेण्याची पाळी येणार होती.

नोटा का काढाव्या लागल्या?

मार्चच्या मध्यात महदीच्या समर्थकांनी तारा तोडल्या आणि निळ्या व पांढऱ्या नाईलच्या संगमावरील हे शहर कैरोपासून तुटले. मेअखेर उत्तरेचे बर्बर पडले आणि बाहेर पडण्याची वाटही गेली. आत सुमारे ३४ हजार लोक. इजिप्शियन आणि सुदानी शिपायांना पगार द्यायचा, धान्य विकत घ्यायचे, खंदक खणणाऱ्यांना मजुरी द्यायची. तिजोरीत नाणी मात्र नव्हती. वेढ्यातल्या शहरात नाणे आधी दडते. पुढे काय होईल ठाऊक नसले की लोक सोने-चांदी जमिनीत पुरतात आणि बाजार ठप्प होतो. धान्य असूनही विकले जात नाही. चीनमध्ये पाहिलेले दृश्य, पगाराविना बिथरलेली फौज, गॉर्डनला इथे परवडणारे नव्हते.

म्हणून त्याने कागदी चलन काढले. नोटांवर तारीख आहे २५ एप्रिल १८८४. मजकूर अरबीत, दर्शनी मूल्य एक पियास्टरपासून पाच हजार पियास्टरपर्यंत. शंभर पियास्टरचा एक इजिप्शियन पौंड होई. म्हणजे भाजीपाल्यासाठीची चिल्लरही आली आणि व्यापाऱ्याची मोठी देणीही. आशय असा, की ही रक्कम मान्य असून तारखेपासून सहा महिन्यांनी खार्टूमच्या किंवा कैरोच्या खजिन्यातून मिळेल. खाली अरबी मोहर आणि गॉर्डनची सही.

कैरोचा खजिना या नोटा वटवील, असे कैरोने कुठेही म्हटलेले नव्हते. संपर्कच नव्हता. गॉर्डनने आधी नोट काढली आणि तिचा भार इजिप्त व ब्रिटन या दोन्ही सरकारांवर मागाहून टाकला. जुलैअखेर बाहेर पाठवलेल्या संदेशात त्याने सुमारे २६ हजार पौंडांच्या नोटा काढल्याचे आणि व्यापाऱ्यांकडून ५० हजारांवर पौंड उसने घेतल्याचे कळवले. दोन्ही कर्जे तुम्हालाच फेडावी लागतील, हेही बजावले. याला प्रामाणिकपणा म्हणावे की सरकारला अडकवण्याची खेळी? बहुधा दोन्ही. इतक्या लोकांचे देणे असलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडणे लंडनला जड जाईल, एवढा हिशेब त्याला नक्कीच कळत होता.

लोकांनी त्या स्वीकारल्या का?

स्वीकारल्या, आणि हीच या प्रकरणातील सर्वात लक्षणीय बाब. या नोटेवर विश्वास ठेवणे म्हणजे मदतीला फौज येणार यावर विश्वास ठेवणे. फौज आली तर कागदाचे पैसे होणार, नाही आली तर पैशाचा कागद. लोकांना छापील सहीपेक्षा हाताची सही भरवशाची वाटत असल्याने गॉर्डन एकेक नोट स्वतः सही करत बसे. सुरुवातीच्या हजारो नोटांवर अशी सही आहे. पुढे हात चालेना, तेव्हा हेक्टोग्राफची मदत घ्यावी लागली. सायक्लोस्टाइल घरोघरी माहीत होण्याआधीची ही युक्ती. खास शाईने केलेला मूळ नमुना जिलेटिनच्या थरावर दाबायचा, थर शाई शोषतो, मग त्यावर कोरे कागद ठेवत एकामागून एक प्रती काढायच्या. प्रत्येक प्रतीला शाई थोडी फिकी होत जाते.

मनोधैर्यासाठी त्याने वेढ्याचे पदकही ओतून घेतले. अधिकाऱ्यांपासून साध्या शिपायांपर्यंत त्याच्या वेगवेगळ्या प्रती होत्या, अगदी हलक्या धातूच्यासुद्धा. नोटांच्या संग्राहकांप्रमाणे पदकांच्या संग्राहकांनाही खार्टूम परिचित आहे ते यामुळे.

मदत का पोहोचली नाही?

ग्लॅडस्टन सरकारने चालढकल केली. आज्ञा बाहेर काढण्याची होती आणि गॉर्डन शहर लढवत बसला, हा त्यांचा राग निराधार नव्हता. तो एकटा निसटू शकला असता. नागरिकांना सोडून जायला त्याने नकार दिला. ऑगस्टमध्ये अखेर संसदेने तीन लाख पौंड मंजूर केले आणि वूल्झली यांची मोहीम निघाली. नाईलचे धबधबे ओलांडण्यासाठी थेट कॅनडातून नावाडी आणले गेले! वेळ मात्र निघून जात होता. सप्टेंबरमध्ये गॉर्डनने कर्नल स्ट्यूअर्ट यांना आगबोटीने खाली धाडले. बोट खडकावर आपटली आणि वाटेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर वाड्यात तो एकमेव ब्रिटिश अधिकारी उरला.

२५ ऑक्टोबर १८८४ रोजी नोटांची सहा महिन्यांची मुदत संपली. मदत शेकडो मैल दूर होती.

जानेवारीत धान्य संपले. लोक गाढवे, कुत्री, कातडी, ताडाच्या खोडातील गाभा खाऊ लागले. ज्यांना शत्रूकडे जायचे त्यांना गॉर्डनने जाऊ दिले, हजारो गेले. नाईलचे पाणी ओसरल्यावर तटबंदीच्या टोकाला चिखलाचा पट्टा उघडा पडला. १७ जानेवारीला अबू क्ली येथे ब्रिटिश तुकडीने लढाई जिंकली, पण २६ जानेवारी १८८५ च्या पहाटे महदीचे सैन्य त्याच चिखलातून शहरात घुसले. गॉर्डन वाड्यात मारला गेला. त्याच्या अखेरच्या क्षणांच्या हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत. जिन्यावर शांतपणे उभा असलेला गॉर्डन ही जॉर्ज जॉय या चित्रकाराने रूढ केलेली प्रतिमा. शहरातील हजारो माणसे त्या दिवशी कापली गेली, त्यांचे चित्र कोणी काढले नाही. नोटा हातात धरून थांबलेले व्यापारी आणि शिपाई त्यांच्यातच होते.

सर चार्ल्स विल्सन यांच्या आगबोटी २८ जानेवारीला शहराजवळ आल्या. वाड्यावर झेंडा नव्हता. त्या दिवशी गॉर्डन ५२ वर्षांचा झाला असता.

नंतर काय झाले?

इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. ग्लॅडस्टन यांना ‘ग्रँड ओल्ड मॅन’ म्हणून ‘जीओएम’ म्हणत. लोकांनी अक्षरे उलटवून गॉर्डनचा मारेकरी या अर्थी ‘एमओजी’ केले. निंदेचा ठराव सरकारने केवळ १४ मतांनी परतवला. ज्या खजिन्यावर नोटा काढल्या होत्या, तो खार्टूमचा खजिना आता महदीकडे होता. त्याने स्वतःची सोन्या-चांदीची नाणी पाडली आणि जूनमध्ये तोही वारला. १८९८ मध्ये किचनर यांनी ओम्दुरमानची लढाई जिंकून सुदान घेतले. मशीनगनपुढे हजारो सुदानी पडले आणि त्याला गॉर्डनचा सूड म्हटले गेले. सुदान स्वतंत्र झाल्यावर उंटावर बसलेल्या गॉर्डनचा खार्टूममधील पुतळा हटवला गेला. तो आता इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील एका शाळेत आहे. गॉर्डनच्या स्मरणार्थ काढलेल्या कॉलेजचे खार्टूम विद्यापीठ झाले.

संग्राहक काय तपासतात?

पहिला प्रश्न सहीचा. हाताने केलेली सही असेल तर भाव जास्त. भिंगाखाली पाहिले की लेखणीचा दाब कमी-अधिक झालेला दिसतो, शाई कागदाच्या तंतूंत मुरलेली असते आणि दोन नोटांवरच्या सह्या तंतोतंत जुळत नाहीत. हेक्टोग्राफची सही सपाट आणि एकसारखी. दोन नोटा एकमेकींवर ठेवल्या तर रेघा जुळतात. ती शाई उजेडात विटते, त्यामुळे अशी नोट चौकटीत घालून भिंतीवर लावणे म्हणजे ती हळूहळू पुसून टाकणे. गॉर्डनचे नाव मोठे असल्याने नकली नोटाही फिरतात. म्हणून विकत घेण्यापूर्वी ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहातील नमुन्यांशी मोहर आणि अरबी मजकूर ताडून पाहिला जातो. अगदी कोरी करकरीत नोट दिसली तर जाणकार जास्तच सावध होतात. बऱ्याच खऱ्या नोटा घड्यांच्या जागी झिजलेल्या असतात, कारण त्या वेढ्यातल्या बाजारात वापरल्या गेल्या होत्या.