आचार्य जगदीशचंद्र बोस

मातृभाषेतून शिकणाऱ्या आम्हां सुरतेच्या विद्यार्थ्यांना आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधील मैमनसिंह येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तरीही त्यांनी मुलाला प्रथम बंगाली पाठशाळेतच घातले. तेथे कोळ्याचा मुलगा त्यांचा सोबती होता.

केंब्रिज येथील शिक्षण संपवून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापक झाले. गोऱ्या अध्यापकांहून कमी वेतन देऊ केल्यामुळे त्यांनी तीन वर्षे वेतनास स्पर्शही केला नाही. अखेर सरकारलाच नमावे लागले.

प्रयोगशाळेची वानवा होती, म्हणून उपकरणे त्यांनी स्वतःच घडविली. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या नगरभवनात त्यांनी अदृश्य विद्युतलहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरीही त्यांनी निर्माण केल्या. या शोधांतून विपुल द्रव्य मिळाले असते. परंतु ज्ञान सर्वांचे, ही त्यांची श्रद्धा होती. मित्रांच्या आग्रहास्तव घेतलेले एक अमेरिकन पेटंट १९०४ साली त्यांच्या नावे झाले, पण त्याचा त्यांनी व्यापार मांडला नाही.

आज मोबाइल चालतो तो याच जातीच्या लहरींवर. २०२२ साली भारतात ज्या लहरपट्ट्यांचा लिलाव झाला, त्यांत सेंटिमीटरहून किंचित मोठ्या लहरीही होत्या. प्रत्येक कंपनीचा पट्टा निराळा व प्रक्षेपक यंत्रेही निराळी. बोलणारे थोडे असले, तरी ही यंत्रे वीज खातातच. आपल्या रिंग रोडवरील दोन कापडव्यापाऱ्यांनी अर्धे भरलेले दोन टेम्पो न धाडता एकच पूर्ण भरून धाडला, तर इंधन वाचते. तसेच दोन कंपन्यांनी पट्टे एकत्र वापरले, तर बाजार मिटल्यावर एकीची यंत्रे निजवून दुसरीच्या यंत्रांवर दोघींचे काम भागू शकेल. शिवाय रुंद पट्ट्यावरून तोच संदेश कमी शक्तीने धाडता येतो. भारत सरकारने अशा सामायिक वापरास २०१५ साली नियम घालून अनुमती दिली.

१९१७ साली बोस यांनी कलकत्त्यात संशोधनमंदिर स्थापिले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले. वाटल्याने ज्ञान घटत नाही, हे त्यांनी आचरून दाखविले. लहरी वाटून वापरल्या तर वीज वाचते, हे आचरणे आपल्या पिढीकडे आहे.