प्राध्यापक आंबेडकर

रहाटणीतून बी.एड.ला जाणारी आमची मुले-मुली अर्थशास्त्र घेतात, तेव्हा पाठ टाचणात मागणी-पुरवठ्याचे तेच ठरावीक तक्ते असतात. बाबासाहेब अर्थशास्त्राचे शिक्षक होते, हे आपल्याच लोकांना आम्हाला आठवून द्यावे लागते.

कोलंबियात सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकलेले बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. हा अस्पृश्य काय शिकवणार, म्हणून मुलांनी आधी दुर्लक्ष केले. पुढे इतर कॉलेजांतली मुलेही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास मात्र काही सहकाऱ्यांची हरकत होतीच. विद्वत्तेने विटाळ फिटला नाही!

१९१८ मध्येच त्यांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. दोष नुसत्या तुकड्यांचा नाही. शेतीवर माणसांचा भार जादा आणि भांडवल, अवजारे अपुरी, म्हणून उद्योग वाढवा, अशी त्यांची मांडणी होती. रहाटणीच्या पोरांना हा धडा वर्गाच्या खिडकीतूनच दिसतो. शेते गेली, इमारती आल्या, बाप कंपनीत कंत्राटावर. भावी शिक्षकाने पाठ तिथूनच सुरू करावा, आणि उद्योग येऊनही कायम नोकरी का नाही, हे मुलांना विचारू द्यावे.

मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांनी ती नोकरी सोडली. साठवलेला पगार आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते लंडनला गेले, आणि वयाच्या २९व्या वर्षी पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये निघाला.