ताराबाई मोडक : अंगणवाडी निघाली ती आपल्या बोर्डीतून

वजन करतात, खाऊ मिळतो, पोरं गाणी म्हणतात ती अंगणवाडी आता गावोगाव आहे. दारावर सरकारी पाटी असते, म्हणून ती सरकारनंच काढली असं वाटतं. पण अंगणवाडीचं मूळ आपल्या डहाणू तालुक्यात आहे, आणि ते रुजवणाऱ्या बाईंचं नाव ताराबाई मोडक.

माहेरच्या त्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबईत. १९१४ साली बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. त्या काळी नवऱ्यापासून वेगळं होणं म्हणजे काय, हे सांगायला नको. राजकोटला मास्तरणी तयार करणाऱ्या कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा होती. तीही सोडली आणि लहान मुलांसाठी भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे दादरला शिशुविहार सुरू केलं.

शहरात सगळं नीट चाललं होतं. पण माँटेसोरीची लाकडी साधनं महाग, ती परवडणार कुणाला? खेड्यातल्या पोरांचं काय? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या त्या इथेच.

बालवाडी काढली, तरी गरिबाघरची पोरं येईनात. आईबाप सकाळीच मजुरीला जायचे, पोराला आणून सोडणार कोण? मग पोरं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या दारात न्यायची, असं ठरलं. वस्तीतल्या एखाद्या अंगणात वर्ग भरायचा. आधी पोरांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी न् खेळ. साधनं कसली, तर शिंपले, खडे, बिया, पानं. पैसा लागत नव्हता, माणूस लागत होतं. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांत. तिथे वेगळीच अडचण. जरा मोठी पोरं गुरं राखायला जायची, पोरींच्या कडेवर धाकटं भावंडं. शाळेच्या वेळेला मोकळं कुणीच नाही. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तीच विकासवाडी. भावंडं पाळण्यात ठेवायचं आणि पोरीनं शेजारी शिकायला बसायचं. गुराख्यांसाठी शाळा कुरणात नेली, तिचं नावच कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बाल विकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. सहा वर्षांखालच्या पोराचा खर्च सरकारी तिजोरीतून करायचा, हे मोठंच पाऊल होतं. मात्र सगळं काही उचललं नाही. पाळणाघर अंगणवाडीच्या बरोबर आलं नाही, कुरणशाळा तर नाहीच. आणि पोरांचं सगळं करणाऱ्या सेविकेला तिजोरीतून मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.

अनुताई कोसबाडलाच राहिल्या. १९९२ पर्यंत, शेवटपर्यंत, त्यांनी ते काम चालवलं.